बालकाचे वजन आणि वृद्धाचे आयुष्य



बालकांचे आरोग्य आणि वृद्धांचे आरोग्य हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, असे सरकारी दप्तरात गृहीत धरलेले असते. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, ज्येष्ठ नागरिकांचे धोरण सामाजिक न्याय खात्याकडे, त्यांचे पेन्शन ग्रामविकास खात्याकडे आणि दोघांचेही आजार आरोग्य खात्याकडे, अशी दिल्लीतील वाटणी आहे. कारभाराच्या सोयीसाठी अशी वाटणी करावी लागते हे खरे. परंतु माणसाच्या शरीराला ही वाटणी ठाऊक नसते. साठाव्या वर्षी ज्या शरीराला मधुमेह जडतो किंवा ज्याचे हृदय थकते, ते शरीर आईच्या पोटात असल्यापासून एकच आहे. ही गोष्ट केवळ तर्काने नव्हे, तर मोजमाप करून सिद्ध करण्याचे काम सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांनी गेल्या पाच दशकांत केले. त्या कामाचा परिचय करून घेणे आणि त्याचा अर्थ कोणी कसा लावला हे तपासणे, असा या व्याख्यानाचा हेतू आहे.

या संशोधनाची सुरुवात नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला झाली. फिनमार्क हा तेथील गरीब जिल्हा. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तेथे देशात सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी होते. हृदयविकार हा सुखवस्तू माणसाचा रोग, अशी त्या काळची समजूत होती. मग तो या दरिद्री कोळ्यांच्या मुलखात एवढा का? आंडर्स फॉर्सडाल या डॉक्टरने 1977 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात निरनिराळ्या जिल्ह्यांतील 1896 ते 1925 या काळातील बालमृत्यू आणि 1964 ते 1967 या काळातील हृदयविकाराचे मृत्यू शेजारी शेजारी मांडले. जेथे एके काळी मुले अधिक मरत होती, तेथेच त्यांतून वाचलेली मुले प्रौढपणी हृदयविकाराने अधिक मरत होती. बालपणीची गरिबी शरीरावर कायमचा ठसा ठेवून जाते, असा निष्कर्ष त्याने काढला. दूरच्या जिल्ह्यातील डॉक्टरचे म्हणणे, त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर व क्लाइव्ह ऑस्मंड यांनी हेच काम अधिक मोठ्या प्रमाणावर केले. इंग्लंड व वेल्समधील 212 स्थानिक विभागांचे 1921 ते 1925 या वर्षांतील बालमृत्यू आणि 1968 ते 1978 या वर्षांतील हृदयविकाराचे मृत्यू यांची त्यांनी तुलना केली. 1986 साली ती प्रसिद्ध झाली आणि तोच आलेख पुन्हा समोर आला. परंतु विभागांची तुलना म्हणजे व्यक्तींची तुलना नव्हे. प्रत्येक माणसाचे जन्माच्या वेळचे वजन किती होते आणि तो पुढे कशाने मेला, हे जुळवून दाखवल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नव्हती. एवढ्या जुन्या काळी बालकांचे वजन लिहून ठेवले कोणी असेल?

ते हार्टफर्डशायर परगण्यात लिहून ठेवलेले सापडले. ते लिहून ठेवण्यामागील कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. बोअर युद्धासाठी भरती करताना इंग्लंडच्या कामगार वस्त्यांतील तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले. खुजे, किडक्या दातांचे, अशक्त. साम्राज्याला सैनिक मिळेनात, तेव्हा राज्यकर्त्यांना गरिबाच्या मुलांची आठवण झाली आणि शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल 1904 साली आला. या वातावरणात 1911 पासून मार्गारेट बर्नसाइड ही आरोग्यसेविकांची प्रमुख हार्टफर्डशायरमध्ये काम करू लागली. तिच्या हाताखालच्या सेविका आणि सुईणी घरोघर जात, मूल जन्मले की त्याचे वजन करीत, वर्ष पुरे झाले की पुन्हा करीत, त्याला अंगावरचे दूध मिळते की बाटलीचे तेही टिपीत आणि हे सारे मोठ्या खातेवह्यांत शाईने उतरवले जाई. त्या सेविकांना या वह्यांचा पुढे काय उपयोग होणार याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्या वह्यांतील 1911 ते 1930 या काळात जन्मलेल्या 5,654 पुरुषांचा शोध बार्करच्या सहकाऱ्यांनी घेतला. जन्मतः आणि वर्षाच्या वयाला ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त होते. हे 1989 साली प्रसिद्ध झाले. या शोधाचे श्रेय बार्करला मिळाले आणि ते योग्यच आहे. परंतु घरोघर वजनकाटा घेऊन जाणाऱ्या स्त्रियांनी ती नोंद केली नसती, तर शोधायला काही उरलेच नसते.

पोटात असताना उपासमार झाली तर काय होते, याचा पुरावा युद्धाने दिला. 1944 च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून नाझींनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. त्या हिवाळ्यात माणशी शिधा हजार कॅलरींच्या खाली उतरला, काही आठवडे तर त्याच्याही निम्म्यावर आला आणि वीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्या महिन्यांत ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांची मुले पुढे शोधून तपासण्यात आली. ही माणसे पन्नाशीला आली तेव्हा, दुष्काळाच्या आधी किंवा नंतर गर्भात असलेल्यांपेक्षा त्यांच्या रक्तातील साखर अधिक बेताल असल्याचे दिसून आले. त्यांच्या जन्मानंतर हॉलंड समृद्ध झाला होता, त्यांना पोटभर मिळत होते. तरीही पोटातील त्या काही महिन्यांचा हिशेब शरीराने पुसून टाकला नव्हता.

आपल्या देशाकडे वळल्यावर हे चित्र अधिक गंभीर होते. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात 1934 पासूनच्या बाळंतपणाच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्यांतील पंचेचाळिशी ओलांडलेल्या 517 स्त्रीपुरुषांना शोधून तपासले, तेव्हा जन्मतः हलक्या असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळला. 1996 साली ते प्रसिद्ध झाले. दक्षिण दिल्लीत 1969 ते 1972 या काळात जन्मलेल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षे मोजली गेली होती. त्यांतील 1,492 जण 26 ते 32 वर्षांचे असताना तपासले गेले आणि निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वर्षांत जी मुले रोड होती आणि नंतर ज्यांची चण वेगाने भरत गेली, त्यांच्यात ऐन तारुण्यात मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था अधिक होती. म्हणजे आधी उपास आणि मग शहरातले स्वस्त तेलकट, पिठूळ अन्न, हा क्रम सर्वांत घातक. कामगार वस्तीतील कोणत्याही कुटुंबाची तीन पिढ्यांची हकीकत यापेक्षा फारशी वेगळी निघत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम या विषयात जगभर मानले जाते. त्यांनी पुण्याजवळच्या सहा कोरडवाहू गावांत 1993 साली एक दीर्घ पाहणी सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की गरोदर राहिलेल्या स्त्रियांपासून नव्हे, तर त्याआधीपासूनच, विवाहित तरुणींपासून नोंद सुरू झाली. या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर आणि वजन 42 किलोच्या आसपास. दिवसाचा आहार सुमारे 1,800 कॅलरींचा. भाकरी, डाळीचे पातळ कालवण, थोडी भाजी. काम मात्र शेतातले, गोठ्यातले, चुलीपुढचे आणि विहिरीवरचे. या मातांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ते साडेतीन किलो होते. फरक आठशे ग्रॅमचा. परंतु तो सर्व अवयवांत सारखा वाटलेला नव्हता. पुण्याच्या बाळाचे स्नायू आणि पोटातील अवयव फार लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळे आणि तरीही चरबी बाळगणारे असे हे मूल. भारतीय माणसाला पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनात आणि कमी वयात मधुमेह का होतो, या जुन्या कोड्याचा एक धागा या पाळण्यात सापडला.

त्याआधीच, पुण्यातील याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची चौथ्या आणि पुढे आठव्या वर्षी तपासणी झाली होती. आठव्या वर्षी तपासलेल्या 477 मुलांपैकी जी जन्मतः हलकी होती आणि आठव्या वर्षापर्यंत वजनदार झाली, त्यांच्या रक्तात भावी हृदयविकाराच्या व मधुमेहाच्या खुणा सर्वांत ठळक होत्या. आठ वर्षांचे पोर, आणि म्हातारपणाचा रोग दाराशी.

त्या सहा गावांतील पाहणीतून आणखी दोन गोष्टी निघाल्या आणि त्यांची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही. पहिली अशी की बाळाच्या आकाराचा संबंध आईच्या आहारातील एकूण कॅलरींशी किंवा प्रथिनांशी स्पष्ट दिसला नाही. तो दिसला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. ज्या मातांच्या ताटात या गोष्टी वारंवार येत, त्यांची बाळे मोठी. म्हणजे स्वस्त धान्याची शिधापत्रिका आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. जी स्त्री दुसऱ्याच्या शेतात मेथी खुडते आणि डेअरीला दूध घालते, तिच्या स्वतःच्या वाट्याला ते किती येते, हा आहारशास्त्राचा नव्हे तर मालकीचा आणि मजुरीचा प्रश्न आहे. दुसरी गोष्ट कामासंबंधी. गरोदरपणात विहिरीचे पाणी ओढून आणणे, कपड्यांची ओझी धुणे, शेतातील अवजड काम, हे ज्यांच्या वाट्याला अधिक आले, त्यांची बाळे अधिक लहान होती. नळाचे पाणी हा बालकाच्या हृदयाचा प्रश्न आहे, असे एखाद्या सभेत सांगितले तर लोक हसतील; पण मोजमापाने जे निघाले ते हेच.

येथे एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे. रोगाचे मूळ गर्भात आहे असे एकदा ठरले की दोष गर्भ वाहणारीच्या माथी मारणे फार सोपे होते. आईने नीट खाल्ले नाही, आईने काळजी घेतली नाही, आईला ज्ञान नाही. मग तिच्यासाठी भित्तिपत्रके छापावीत, पोषण सप्ताह साजरा करावा, ताट सजवण्याची स्पर्धा घ्यावी. खर्च थोडा आणि जबाबदारी शून्य. परंतु 42 किलो वजनाची तरुणी गरोदरपणात तयार होत नाही. ती स्वतः कधी काळी अडीच किलोचे मूल होती, शाळेत अर्धपोटी होती, लवकर लग्न होऊन सासरी आली. तिच्या उपासाला तिचे अज्ञान कारणीभूत आहे असे म्हणणे म्हणजे आकडे डोळ्यांपुढे असताना ते न वाचणे होय.

अप्रिय आकडे कसे वागवले जातात याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. आरोग्यातील विषमतेची चौकशी करण्यासाठी मजूर पक्षाच्या सरकारने 1977 साली सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. अकुशल कामगारवर्गातील माणूस निवृत्तीच्या वयाआधी मरण्याची शक्यता उच्च व्यावसायिक वर्गाच्या अडीचपट आहे, असे त्यांना आढळले. आणि उपाय म्हणून त्यांनी औषधांची नव्हे, तर बालकांसाठीचे भत्ते, घरे आणि उत्पन्न यांची यादी दिली. अहवाल तयार झाला तोवर सत्ता हुजूर पक्षाकडे गेली होती. 1980 च्या ऑगस्टमध्ये, जोडून आलेल्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्या अवघ्या 260 प्रती काढण्यात आल्या. खर्च परवडणारा नाही, एवढेच मंत्र्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे अहवाल दडपण्याची पद्धत निराळी असली, तरी ही हकीकत ओळखीची वाटावी.

प्रश्न असा की हे चक्र तोडता येते काय. येते, आणि त्याचाही पुरावा आहे. ग्वाटेमालातील चार खेड्यांत 1969 ते 1977 या काळात बालकांना दोन प्रकारची पेये दिली गेली: दोन खेड्यांत प्रथिने व पुरेशी ऊर्जा असलेली पेज, दोन खेड्यांत नुसते गोड सरबत. पहिल्या दोनतीन वर्षांच्या वयात ज्यांना पेज मिळाली होती, ते पुरुष मोठेपणी ताशी 46 टक्के अधिक मजुरी मिळवीत असल्याचे 2008 साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून काही वर्षे स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांपासून बनवलेला खाऊ रोज देऊन पाहण्यात आला. सरसकट सर्व बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. ज्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमनी वाढले, आणि खाऊ घेणाऱ्या स्त्रियांत गरोदरपणीचा मधुमेह जवळजवळ निम्म्यावर आला. 48 ग्रॅम म्हणजे फार नव्हे. एका पिढीची उपासमार काही महिन्यांच्या वडीने भरून निघत नाही, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

म्हणूनच शाळेतील माध्यान्ह भोजनासंबंधीचा निष्कर्ष अधिक मोलाचा ठरतो. मद्रास राज्यात कामराज यांच्या काळात, 1956 साली, शाळांतून हे भोजन रुजले. 1982 साली तमिळनाडूने त्याचा मोठा विस्तार केला. आणि अन्नाच्या हक्काच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेले अन्न देणे सर्व राज्यांवर बंधनकारक केले. ज्या मुलींना हे भोजन मिळाले होते त्या पुढे आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची इतरांपेक्षा चांगली भरली, असे देशव्यापी आकडेवारीच्या आधारे 2021 साली दाखवण्यात आले. खिचडीच्या पातेल्याचा परिणाम असा एक पिढी ओलांडून गेला. शाळेत जेवण दिल्याने शिक्षकांचा वेळ वाया जातो, अशी तक्रार करणाऱ्या शहरी संपादकांना हा निबंध पाठवण्यासारखा आहे.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिला अर्धशतक उलटले आहे. 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 19.3 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. केरळात खुजेपणा 23.4 टक्के, बिहारात 42.9 टक्के. महाराष्ट्रासारखे औद्योगिक राज्य 35.2 टक्क्यांवर, म्हणजे देशाच्या सरासरीशी जवळजवळ बरोबरीत आहे, आणि रोडावलेल्या मुलांचे प्रमाण तेथे 25.6 टक्के, म्हणजे सरासरीहून बरेच वाईट आहे. ही मुले 2080 च्या सुमारास साठीची होतील.

आज जे साठीचे आहेत त्यांची स्थिती काय? 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोक दहा कोटींहून अधिक होते. त्यांच्याविषयीची सर्वांत मोठी पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 साली केली. पंचेचाळिशीच्या पुढच्या सुमारे 72,000 माणसांना भेटून ती झाली. वृद्धांपैकी सुमारे 75 टक्के लोकांना कोणता ना कोणता जुनाट आजार असल्याचे 2021 च्या जानेवारीत जाहीर झाले. या पाहणीत म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या बालपणीच्या प्रकृतीविषयी आणि घरच्या परिस्थितीविषयीही विचारले गेले, ही चांगली गोष्ट. कारण आपल्या खेड्यांतील बहुतेक वृद्धांचे जन्मवजन सोडाच, जन्मतारीखही कोणी लिहून ठेवलेली नाही. दुष्काळाच्या साली जन्म, एवढीच खूण; आणि पेन्शनच्या अर्जावर तलाठी मागतो वयाचा दाखला.

त्या पेन्शनविषयी. राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनची सुरुवात 1995 साली महिना 75 रुपयांनी झाली. पुढे केंद्राचा वाटा 200 रुपये झाला. 2011 साली ऐंशीच्या पुढच्यांसाठी तो 500 करण्यात आला. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबासाठी 200 चा आकडा त्यानंतर हललेला नाही. महागाई भत्ता दर सहामाहीला मोजणाऱ्या सरकारला हे लक्षात येत नसेल, असे मानणे कठीण आहे. काही राज्ये आपल्या तिजोरीतून भर घालतात, म्हणून थोडे तरी हाती पडते.

आणि हे पैसे केवळ म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यावर जातात असेही नव्हे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीच्या अखेरच्या काळात वृद्धांचे पेन्शन कृष्णवर्णीयांना पूर्ण दराने मिळू लागले. अर्थशास्त्रज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी त्या कुटुंबांतील मुलांची उंची आणि वजने तपासली. पेन्शन आजीच्या हाती आले त्या घरांत नातींचे वजन आणि उंची सुधारली होती. आजोबांच्या हाती आले त्या घरांत तसा परिणाम दिसला नाही. पुरुष सदस्यांनी या वाक्यावर थोडे थांबावे. म्हातारीला दिलेला पैसा मुलीच्या हाडामांसात उतरतो. ती मुलगी पुढे आई होते. आणि गर्भापासून म्हातारपणापर्यंतची जी साखळी वर सांगितली, तिला दुसऱ्या टोकाकडूनही हात घालता येतो.

ही साखळी मोजणारी व्यक्ती आपल्याकडे आहे. बर्नसाइडच्या सेविकांचे काम भारतात अंगणवाडी सेविका करते. वजन, उंची, गरोदर मातांची यादी, लसीकरण, सारे तिच्या नोंदीत असते. तिला कर्मचारी म्हणत नाहीत, मानसेवी म्हणतात. केंद्राने 2018 साली तिचे मानधन 4,500 आणि मदतनीसाचे 2,250 रुपये ठरवले. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या एप्रिलमध्ये मान्य केला. दरम्यान वही जाऊन भ्रमणध्वनी आला. महाराष्ट्रातील सेविकांनी 2021 साली ते निकृष्ट फोन परत केले, तेव्हा त्यांना प्रगतीच्या विरोधी ठरवण्यात आले. नोंद करणारीला नोंदीचे साधनच धड मिळत नसेल, तर त्या नोंदीवर उभ्या राहणाऱ्या संशोधनाचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

शाखांना करता येण्याजोगे एक काम यातून निघते. गावातील कमी वजनाच्या मुलांची यादी अंगणवाडीत असते; पेन्शनधारकांची यादी तहसीलमध्ये असते. दोन्ही याद्या आजवर एका टेबलावर आलेल्या नाहीत, कारण त्या दोन खात्यांच्या आहेत. त्या घरनिहाय जुळवून पाहिल्या, तर ज्या घरात मूल रोडावलेले आहे तेथील आजीला पेन्शन मिळते की नाही, मिळत नसेल तर वयाच्या दाखल्यावर अडले की उत्पन्नाच्या, हे एका गावात चार दिवसांत कळू शकते. बीडच्या ऊसतोड कामगारांची गावे, ओडिशातून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांची गावे, बिहारमधील स्थलांतरितांची गावे येथून सुरुवात करता येईल. ऊसपट्ट्यात ही पाहणी दिवाळीनंतर करणे सोयीचे ठरेल. टोळ्या कारखान्यांकडे गेल्या की अनेक घरांत आजी आणि नातवंडे एवढीच माणसे मागे राहिलेली असतात.